आतून बाहेर वाजणारी तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. तबकडी. फळांचं ताट नव्हे. हे सांगावं लागतं, कारण माझ्या आताच्या मालकिणीच्या, रूथच्या, नवऱ्याने कालच माझ्यावर संत्री ठेवली होती.

माझा जन्म हॉलिवूडचा. चित्रपट नुकतेच बोलू लागले होते. चित्र फिल्मवर असे आणि आवाज माझ्यावर. दोघांनी जोडीने फिरायचं. आमच्या चित्रपटातली सगळी माणसं गडगंज. मोत्यांची माळ हरवली की गात, सापडली की गात, लग्न मोडलं तर दोघं मिळून गात. मी मुकाट सोसत असे. मला आवडे ते एकच गाणं. गच्चीवरचे शॅम्पेनचे पेले आवरताना मोलकरीण गाते ते. ते काम थेल्माचं. तिचा आवाज माझ्याशिवाय दुसरीकडे कुठेच उतरवलेला नाही.

मग लोकांना गाण्यांचा वीट आला. स्टुडिओने फिल्ममधून थेल्माचं गाणं कापलं. फिल्मला कात्री चालते, मला नाही. माझ्या जागी नवी तबकडी पाठवायला हवी होती. ती कुणी पाठवलीच नाही. ग्लेनडेलच्या थिएटरात पडद्यावर नायकाच्या सासूबाईंनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं थेल्माचं गाणं. पुढे सासूबाईंचा आवाज त्यांच्या कुत्र्याला मिळाला. लोक हसून लोळले. यंत्र चालवणाऱ्या ऑटोने शिव्या कुणाला घातल्या? मला.

मालकाने मला फोडून टाकायला सांगितलं. तेवढ्यात थेल्माच जिना चढून यंत्राच्या खोलीत आली. आपलं गाणं दाखवायला ती शेजारणींना घेऊन आली होती.

"फोडताय ना? मग मला द्या."

"घरच्या ग्रामोफोनवर ही चालायची नाही, बाई."

"नाही तर नाही. आहे एवढं पुरे."

पुढे ती हातमोज्यांच्या दुकानात लागली आणि मी भिंतीला लागले. घरात ती कधीच गायली नाही. लेकीने, रूथने, आग्रह केला की माझ्याकडे बोट दाखवी. जेवताना रूथने टेबलावर कोपरं टेकली की नुसता घसा खाकरी.

गेल्या हिवाळ्यात थेल्मा गेली. रूथने मला उतरवून घरच्या ग्रामोफोनवर चढवलं. मी त्यावर मावेना. सुई मधेच कुठेतरी टेकवली, आणि वेग दुपटीहून जास्त.

"तुझी आई गातेय की खार?" नवऱ्याने विचारलं.

रूथने सुई उचलली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ऑटोकडे गेली. म्हातारा झाला होता, पण जुनं यंत्र त्याने ठेवलं होतं.

"आतून सुरू करायची असते ही," तो करवादला. "बाण कोरलाय. कुणी बघेल तर शपथ."

आधी सासूबाई. शॅम्पेन कोमट आहे, नोकर माजलेत, जावई बावळट आहे. मग पेल्यांची किणकिण, आणि गाण्याआधी थेल्माने हलकेच घसा खाकरला. तेवढ्यानेच रूथने टेबलावरची कोपरं झटकन काढून घेतली आणि ती ताठ बसली.

आता दर रविवारी ती मला तिथे नेते. तर मित्रांनो, जुन्या वस्तूवर काही ठेवण्याआधी ती कुठून सुरू होते एवढं तरी बघा. आणि त्या सासूबाईंना मधेच गाळू नका. मला त्यांचा कमालीचा कंटाळा आहे. पण त्यांचं बोलून संपल्याशिवाय थेल्मा येत नाही.