नुसते ओठ हलव

मनी झाल्यापासून मला एक खोड लागली होती. ती झोपली की मी तिच्या पोटाकडे बघत बसायचे. वर, खाली, वर, खाली. मध्ये जरा उशीर झाला की माझाच श्वास अडकायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, ती घेते तिचा तिचा. तू घे तुझा." नवरा म्हणाला, "एखादा छंद लाव स्वतःला. नाहीतर शाळेत जाईपर्यंत हिचं पोटच बघत राहशील."

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी समूहगान चालायचं. दारावर कागद होता, 'नवशिक्यांचे स्वागत'. मी कॉलेजात असताना थोडंफार गायचे, म्हणजे मैत्रिणी म्हणायच्या म्हणून गायचे. मनीला झोपवताना तर रोजच. ती माझ्या गळ्यावर हात ठेवून झोपायची, आतली थरथर तिला आवडायची. म्हटलं, जाऊन बघू.

सरांनी माझा आवाज ऐकला, मान हलवली आणि खालच्या सुरांच्या रांगेत उभं केलं. बस्स, एवढंच. सर कमी बोलायचे. शाळेत गणित शिकवायचे आणि गाण्यातही चूक-बरोबर यापलीकडे काही सांगायचे नाहीत. माझ्यासारखीला ते पुरत नाही. मला आधी सगळं विचारून घ्यायचं असतं. उभं कसं राहायचं, कागद हातात धरायचा की समोर ठेवायचा, चुकलं तर थांबायचं की रेटायचं. म्हणून चहाच्या वेळी मी आमच्या रांगेतल्या सगळ्यात जाणत्या बाईंना गाठलं. दातांच्या डॉक्टर होत्या त्या. चौकातला दवाखाना त्यांचाच. रांगेच्या टोकाला उभ्या राहायच्या आणि एकट्या अख्खी रांग ओढायच्या असं सगळे म्हणायचे.

"ताई, मी अगदीच नवीन आहे. सुरुवातीला काय करू, सांगाल?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाजूला घेतलं. आवाज इतका मऊ की दाढ काढण्याआधी बोलत असतील तसा.

"बरं झालं विचारलंस. कुणी विचारतच नाही. हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा सूर थोडा वाकडा जातो. तुला नाही कळायचं, आपलं आपल्याला कळत नाही. तू काही दिवस नुसते ओठ हलव. ऐकत राहा. कान तयार झाला की मी सांगेन."

"सरांना विचारू का?"

"अजिबात नको. त्यांना एक वाकडा सूर कळला ना, की माणूस बाहेर. आपल्या दोघींत राहू दे."

मला त्यांचे उपकार वाटले. खरंच. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, किती चांगल्या आहेत, तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "जी बाई दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणते, तिने तुलाच बरं मिटायला सांगितलं." मी त्याच्यावर चिडले.

मग मी शनिवारमागून शनिवार नुसते ओठ हलवले. त्यात मी हुशार झाले. कुठे जबडा खाली, कुठे ओठ गोल, सगळं बिनचूक, आवाज शून्य. पण ते तिथेच थांबलं नाही. घरी मनीला झोपवायला घेतलं की पहिल्याच ओळीला वाटायचं, वाकडा जातोय. लहान कान आहेत, तेच बसेल तिच्यात. मी गायचं सोडलं. थोपटायचे नुसती. ती माझ्या गळ्यावर हात ठेवायची, वाट बघायची, मग हात काढून घ्यायची. सासूबाईंनी एकदा विचारलं, "का गं, गात नाहीस हल्ली?" म्हटलं, घसा बरा नाही. त्यांनी हळदीचं दूध करून दिलं. ते पिताना मला रडू आलं.

आणि मग एका शनिवारी ते दिसलं.

गाणं चालू होतं. मला गायचं नव्हतंच, त्यामुळे बघायला वेळ भरपूर. माझी नजर सवयीने शेजारणीच्या पोटावर गेली. ही बँकेत काम करणारी मुलगी, माझ्या आधी महिनाभर आलेली. तोंड मोठं उघडं, डोळे सरांवर, आणि पोट शांत. गाणाऱ्या माणसाचं पोट असं नसतं. ओळीच्या आधी भरतं, ओळ संपता संपता रिकामं होतं. हिचं झोपलेल्या माणसासारखं हलत होतं. मी पुढे बघितलं. शिवणवाली, जिचं खाली रस्त्यावर दुकान आहे. तिचंही तसंच. तिच्या पलीकडे ग्रंथपालबाई, वाचनालयाच्याच, मंडळाच्या पहिल्या दिवसापासूनच्या. त्यांचंही.

आमच्या रांगेत पाच बायका होत्या आणि श्वास घेऊन गात होती एकच.

चहाच्या वेळी मी तिघींना जिन्यात गाठलं. सरळ विचारलं, "तुम्हाला कुणी ओठ हलवायला सांगितलंय का?"

बँकेतली लाल झाली. शिवणवाली म्हणाली, "तुला कुणी सांगितलं? ते आमच्या दोघींत होतं."

"सूर वाकडा जातो?"

"अगदी हेच."

आम्ही तिघी ग्रंथपालबाईंकडे बघायला लागलो. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. "मला सांगितलं तेव्हा तुझं लग्नसुद्धा झालं नसेल," त्या मला म्हणाल्या. "मी म्हटलं, असेल. तेव्हापासून जमायला येते. माणसं भेटतात, चहा होतो."

शिवणवाली हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "ओठात एक आणि पोटात एक म्हणतात. आपल्या तर पोटात काहीच नाही."

मी हसले नाही. मला मनीचा हात आठवत होता. गोड बोलून केसाने गळा कापला होता त्या बाईने, आणि मी वर तिचे आभार मानले होते. मी म्हटलं, "उद्या दुपारी दुकानात जमू. शटर खाली घे."

दुकानात तिन्ही मशीन्सवर कापडं टाकून आम्ही चौघी उभ्या राहिलो. पहिल्यांदा एकीच्याही तोंडून आवाज फुटेना. हसूच यायचं. मग ग्रंथपालबाईंनी सुरुवात केली आणि आमचं हसू थांबलं. इतका रुंद, खोल आवाज. विहिरीत डोकावल्यासारखा. बँकेतली म्हणाली, "काकू, एवढी वर्षं हा ठेवला कुठे होता?" त्यांनी ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.

वाकडं कुणीच जात नव्हतं. फोनवर घेऊन ऐकलं, पेटीशी ताडून बघितलं. मी तर चार वेळा ताडून बघितलं.

बँकेतली म्हणाली, "सरांना सांगून टाकू."

"सांगून काय होईल?" मी म्हटलं. "ते आपल्याला आणि तिला समोरासमोर बसवतील. ती म्हणेल, मी चांगल्यासाठी सांगितलं. डोळ्यांत पाणी आणेल. आपण म्हणू, जाऊ दे. मला जाऊ द्यायचं नाहीये."

"मग?"

"आधी गाऊ तर."

आम्ही एकेक करून आवाज सोडायला लागलो. या शनिवारी मी, पुढच्याला शिवणवाली. मी सुरू केलं त्या दिवशी डॉक्टरीणबाई चहाच्या वेळी जवळ आल्या. "अगं, थोडा आवाज बाहेर येतोय हं तुझा."

"हो का? सांभाळते, ताई."

सांभाळायचं काही नव्हतं, कारण चहानंतरच्या गाण्यात सर टाळी वाजवून थांबले. "खालची रांग आज भरली," ते म्हणाले. "काय केलंत?"

मी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्यांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, "मी थोडी मेहनत घेतली यांच्यावर, सर."

आम्ही चौघींनी माना डोलावल्या. त्या क्षणी त्या माझ्या हातात आल्या. आता आम्हाला गप्प करायचं म्हणजे स्वतःच्या मेहनतीवर पाणी ओतायचं.

चौघींचे आवाज आल्यावर सरांनी वार्षिक कार्यक्रमाच्या पहिल्या गाण्याचा शेवट बदलला. आधी आमची रांग बारीक म्हणून तो तोडलेला असायचा. आता वरच्या रांगा थांबणार आणि खालच्या रांगेने एकटीने शेवटचा सूर धरून ठेवायचा, सरांचा हात खाली येईपर्यंत. एवढा लांब सूर एका छातीत मावत नाही. त्याची रीत असते. श्वास सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही. शेजारीण घेतेय असं वाटलं की आपण धरून ठेवायचं, तिचं झालं की आपण. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर कुठे तुटलाच नाही. सर म्हणाले, "इथे एकमेकींवर विश्वास लागतो. बाकी काही नाही."

डॉक्टरीणबाई त्या विश्वासावर लगेच आरामात बसल्या. पूर्वी त्या छाती भरभरून गायच्या. आता सुराची सुरुवात झोकात करायच्या, सगळा दम तिथेच उधळायच्या आणि मग निवांत श्वास घ्यायच्या, मागे आम्ही होतोच. मी ते तालमीमागून तालीम बघत होते. कुठे भरतात, कुठे रिकाम्या होतात, मला पाठ झालं होतं. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला त्या आमंत्रण देत होत्या. सुन्न झालेल्या जबड्यांना सांगायच्या, "शेवटचा सूर माझ्या रांगेचा आहे, ऐकायला या."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी दुकानात माझं म्हणणं मांडलं. शिवणवाली कात्री ठेवून खाली बसली.

"सरांचं काय मग? त्यांनी काय वाकडं केलंय आपलं?"

"दुसरं गाणं आहे ना. ते जीव ओतून गाऊ."

"पण हे गाणं जाईल."

"जाईल."

बँकेतली म्हणाली, "मला भीती वाटते." ग्रंथपालबाई इतका वेळ रिळं रंगाप्रमाणे लावत होत्या. त्या न बघताच म्हणाल्या, "मला नाही वाटत."

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. सासूबाई मनीला मांडीवर घेऊन कडेच्या खुर्चीत बसल्या होत्या. पुढच्या दोन रांगा दवाखान्याच्या, म्हणजे डॉक्टरीणबाईंचे यजमान, त्यांची बहीण आणि बरेचसे दुरुस्त दात. आमच्या रांगेचा माइक टोकाला होता, त्यांच्या तोंडासमोर.

गाणं छान चाललं. खरंच छान. शेवट आला, वरच्या रांगा थांबल्या, सरांचा हात हवेत राहिला. डॉक्टरीणबाईंनी सूर झोकात सोडला, नेहमीसारखा. आम्ही चौघींनी तोंडं उघडली. जबडा खाली, ओठ गोल, सगळं बिनचूक.

आवाज एकच होता.

त्यांना वाटलं असेल, माइक बिघडला. मग मानेची शीर ताठ झाली. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून आमच्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघत ओठ हलवत होते, अगदी त्यांनी शिकवले तसे. दम तर त्या आधीच उधळून बसल्या होत्या. सूर बारीक झाला, थरथरला, आणि फाटला. मग त्यांनी श्वास घेतला, तो माइकमधून अख्ख्या सभागृहाला ऐकू आला. रिकाम्या पेल्यात नळी ओढावी तसा. कुठेतरी एक पोर हसलं. सरांचा हात हवेत तसाच होता, खाली कधी आणावा हे त्यांना कळत नव्हतं. ते बघून मला थोडं टोचलं. थोडंच.

दुसऱ्या गाण्याला आम्ही गायलो. त्या नाही गायल्या.

रंगमंचामागे खुर्च्यांच्या चळती होत्या, तिथे त्यांनी मला अडवलं. पावडर गालांवर फुटली होती.

"काय केलंत तुम्ही हे?"

"ओठ हलवले, ताई."

"माझी माणसं बसली होती समोर."

"माझी मुलगी होती. तिला तुमच्यामुळे गाणं मिळालं नाही. कितीतरी महिने."

त्या हळूच म्हणाल्या, "तुझा आवाज चांगला होता. पहिल्याच दिवशी कळलं मला." तो मऊ आवाज नव्हता. कोरडा होता. पहिल्यांदाच मला त्यांचं काही खरं वाटलं, आणि ते ऐकून माझा राग निवण्याऐवजी आणखी पेटला.

"हे त्यांना सांगा," मी म्हटलं आणि ग्रंथपालबाईंकडे बोट केलं. त्या कोपऱ्यात शालीची घडी घालत होत्या. डॉक्टरीणबाईंना तिकडे बघवलं नाही.

सर येऊन उभे होते ते आम्हाला दिसलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ओरडतील. ते मला म्हणाले, "माझ्याकडे का नाही आलात?"

"तुम्ही समजूत घातली असती, सर. मला समजूत नको होती."

त्यांनी गणित तपासावं तसं माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. कुणाला काढलं नाही. म्हणाले, "पुढच्या शनिवारी जागा बदलतो." तेवढंच बोलून ते गेले.

आता रांगेच्या मधोमध ग्रंथपालबाई असतात. टोकाला आम्ही दोघी, खांद्याला खांदा लावून, डॉक्टरीणबाई आणि मी. तो लांब सूर सर आमच्या दोघींकडूनच घोटून घेतात, बाकी सगळ्यांना थांबवून. आळीपाळीने श्वास. मी घेते तेव्हा त्यांना धरावा लागतो, आणि त्या धरतात, कारण सर बघत असतात. त्या रिकाम्या व्हायला आल्या की मला आधी कळतं. त्या माझ्याकडे बघतात. बोलता येत नाही, तोंडात सूर असतो. नुसत्या डोळ्यांनी मागतात.

मी देते. दर वेळी देते. फक्त जरा उशिरा.