चार तारांची जवारी

उमरग्यात तंबोरा आणि वीणा बोलती करणारा माणूस एकच आहे, आणि तो मी, शिवानंद. बाकीचे दुकान मांडून बसलेत ते पेटीच्या भात्याला चिकटपट्टी लावतात आणि स्वतःला कारागीर म्हणवून घेतात. त्यामुळे अर्पिता नावाची विशीतली पोरगी काळ्या पिशवीतून ते धूड घेऊन आली तेव्हा मला आधी हसूच आलं. बास गिटार. चार तारा, त्याही गुरांच्या दाव्यासारख्या जाड, आणि पोटाच्या जागी सपाट फळी. भोपळा नाही, पोकळी नाही. वीज लावल्याशिवाय ज्याला आवाज फुटत नाही त्याला मी वाद्य म्हणत नाही.

"काका, उद्या ढोकीला ऑर्केस्ट्रावाल्यांनी वाजवून बघायला बोलावलंय," ती म्हणाली. "पसंत पडलं तर घेणार हायत मला. पण ह्या जाड्या तारेत लई झणझण येतीय, बाकीच्या तिन्हीत..."

"कळलं," मी म्हणालो. "सगळ्या सारख्या करून ठेवतो. दुपारी ये."

ती अजून काही सांगणार होती. पण ऑर्केस्ट्रात ढुमढुम करायला निघालेल्या पोरीकडून मी तारांबद्दल ऐकून घ्यायचं? भजनी मंडळाचा बंडप्पा वीणा मांडीवर घेऊन दुकानातच बसला होता. त्याच्याकडे बघून मी डोळे मिचकावले आणि तिला वाटेला लावलं.

माझ्याकडे माणसं येतात ती झणझण मागायला. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा, की वरून जाणारी तार टेकता टेकता थरथरली पाहिजे. त्याला जवारी म्हणतात, आणि ती हातात बसायला माझी तीस वर्षं गेली. या फळीवर एक तार चुकूनमाकून बोलत होती, तीन मुक्या होत्या. मानेच्या टोकाला एक पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. ती पट्टी मी काढली, चारही खाचांना घोडीसारखी गोलाई दिली आणि तारा परत चढवल्या. खोटं कशाला बोलू, या वर्षात कुठल्या तंबोऱ्यालाही इतकी सुरेख जवारी लागली नव्हती. असल्या भिकार लाकडावर ती वाया गेली याचं मला वाईट वाटलं.

दुपारी अर्पितानं चारही तारा छेडल्या. चारही झणझणल्या. बंडप्पानं मान डोलावली. पोरगी मात्र पांढरीफटक पडली.

"काका, मला ही झणझण नको होती," ती म्हणाली. "एका तारेत होती, ती घालवायची होती. तुम्ही चारीत घातली. मी सांगत होते, तुम्ही ऐकलंच न्हाय."

बंडप्पा खो खो हसायला लागला. मी शिसवाचा तुकडा घेतला आणि नवी पट्टी करायला बसलो. पण हात आपोआप त्याच गोलाईवर जायचा. पहिली पट्टी झणझणली. दुसरी केली, तीही झणझणली. तार मुकी करणं मला येत नव्हतं, आणि ते मी मरेस्तोवर कबूल करणार नव्हतो.

"लाकूडच हलकं आहे तुझं," मी म्हणालो.

"द्या इकडं," ती म्हणाली आणि माझ्या हातातली कानस तिनं घेतली. मोबाइल सरसाच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यात कुणी गोरा खाच घासून दाखवत होता. खाचेची पुढची कड उंच ठेवायची आणि मागं खुंट्यांकडे उतार द्यायचा, एवढंच. तिनं अर्ध्या तासात तिसरी पट्टी बसवली. माझ्या दुकानात, माझ्या कानशीनं.

"शिवानंदअण्णा, बघून घ्या की जरा," बंडप्पा म्हणाला. "पुन्हा कुणी असलं आणलं तर तुमाला जमायला पायजे." आता हे सगळ्या मंडळात सांगितल्याशिवाय त्याला जेवण जाणार नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तिनं तारा छेडल्या. मी फळीला कान लावला. तीन तारा अगदी स्वच्छ होत्या. भरल्या कणगीवर थाप मारावी तसा गंभीर, गोळीबंद आवाज, आणि तो चांगला होता, हेच मला सहन होईना. जाड्या तारेत मात्र शेवटी शेवटी, आवाज विझताना, केसाएवढी झणझण राहिली होती. कानस आणखी दोनदा फिरवली असती तर तीही गेली असती. उद्या ढोकीला मोठ्या स्पीकरमधून ती अख्ख्या मांडवाला ऐकू जाणार होती.

"मला तर आता काही ऐकू येत न्हाय," अर्पिता म्हणाली. "पण माझ्या कानाचा भरवसा न्हाय, काका. तुमचा कान तयार हाय. तुम्ही सांगाल ते खरं. राहिली का?"

बंडप्पा अजून हसतच होता.

"साफ आहे," मी म्हणालो. "जा बिनधास्त."

तिचा चेहरा उजळला. गिटार पिशवीत घालून तिनं खांद्याला लावली, खाली वाकली आणि माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "यशस्वी हो."