दुसऱ्या कडव्याआधीची शांतता

बाळाची उचकी मला पहिल्यांदा ऐकू आली ती शुक्रवारी दुपारी. तोवर गाणं रेडिओवाल्यांकडे जाऊन एक दिवस झाला होता.

मी म्झुझू शहरात शिवणकाम करते. भाऊ लिंबानी जोहान्सबर्गला गेला तेव्हा मागच्या खोलीत त्याचा लॅपटॉप, एक माईक आणि तुटक्या वायरीचा हेडफोन सोडून गेला. खोलीत माझे कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले, भिंतींवर गिऱ्हाइकांची चितेंजे, कमरेला गुंडाळायची नाहीतर पोर पाठीशी बांधायची छापील कापडं, टांगलेली. लिंबानी म्हणायचा, "ताई, शहरातले लोक आवाज घुमू नये म्हणून भिंतींना फोम लावतात, तू फुकटात स्टुडिओ बांधलायस." दोन महिने मी त्या सामानावर धूळ बसू दिली. मग वेझी गायला लागली आणि मला शिकावंसं वाटलं.

वेझी माझ्या मावशीची मुलगी. अकरा महिन्यांपूर्वी बोलेरो गावाहून आली ती फुटलेला ओठ घेऊन. नवऱ्याचं नाव मातेयो. त्याला सोडल्याचं तिने तिथल्या सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. लपवायचं होतं ते इथे आल्यावर कळलं. तिला दिवस गेले होते. येवो आता चार महिन्यांचा आहे, गोल डोक्याचा आणि तंतोतंत बापाच्या कानांचा.

आमच्याकडे लग्नात नवऱ्याच्या घरून गुरं आली की पोटचं पोर त्या घराचं. आई कुठेही जावो, पोर तिकडेच जातं. आमचे मामा गुरं परत करायची बोलणी करत होते, आणि मूलबाळ नाही म्हणूनच ती बोलणी पुढे सरकत होती. मूल आहे हे कळलं असतं तर मातेयोची माणसं दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली असती. म्हणून येवोला आम्ही घराबाहेर काढत नव्हतो. शेजारणींना सांगितलं होतं की तो माझ्या गिऱ्हाइकाचा, सांभाळायला ठेवलाय. कोणाचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही, पण आमच्या वस्तीतल्या बायका तोंड कधी मिटायचं ते जाणतात.

गाणं वेझीचं स्वतःचं होतं, पुरात नदी ओलांडणाऱ्या बाईचं. ओळ झाली की ती चांगली चार मात्रा थांबते, जणू पाय ठेवायला दगड शोधतेय. येवोला खाली ठेवलं की तो घर डोक्यावर घेतो, तेव्हा तिने त्याला पाठीशी बांधूनच गाणं गायलं. तो गाढ झोपलेला होता. रेकॉर्ड करताना मला काही ऐकू आलं नाही, आणि नंतरही नाही, कारण मी ऐकत होते मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर. हेडफोनची वायर डकवायचा कंटाळा केला होता.

वेझीचा आवाज बारीक. लिंबानीने फोनवर सांगितलं, "कम्प्रेसर लाव. तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो. पण जपून, ताई. मीठ घालतेस तसं."

माझा स्वभाव असा की एक टाका पुरत असेल तिथे मी तीन घालते. कम्प्रेसर लावला, त्याच्यावर अजून एक लावला. वेझीचा आवाज असा पुढे आला की मी खुर्चीत ताठ झाले. आपण शिकलो, असं वाटलं. त्याच तोऱ्यात गुरुवारी गाणं रेडिओच्या न्यासुलूंना पाठवून दिलं. शनिवारी दुपारी दोनला ते नव्या गळ्यांचा कार्यक्रम करतात.

शुक्रवारी एका गिऱ्हाइकाच्या मुलाने हेडफोनची वायर जोडून दिली. आपलं कौतुक आपणच ऐकावं म्हणून मी गाणं लावलं. पहिलं कडवं संपलं. वेझी थांबली. आणि त्या शांततेत, माझ्या उजव्या कानाशी, एक उचकी. मग दोन लहान श्वास, कफाने घरघरणारे, आणि तोंडात काही नसताना चोखल्याचा आवाज.

पुन्हा ऐकलं. तिथून पुढे प्रत्येक ओळीनंतर तो होता. कम्प्रेसरने बारीक ते सगळं उचललं होतं, त्याला काय कळतं कोणतं उचलायचं आणि कोणतं नाही.

न्यासुलूंना फोन लावला.

"न्याम्हांगो," ते माझ्या कुळाच्या नावाने हाक मारून म्हणाले, "अहो काय गाणं पाठवलंत. सकाळपासून दोनदा जाहिरातीत वाजवलं आम्ही. पहिल्या दोन ओळी."

"त्यात चूक राहिलीय. लावू नका."

"कसली चूक?"

काय सांगणार? न्यासुलूंची बायको बोलेरोची आहे. "खरखर आहे," मी म्हणाले.

"खरखर आमच्या रेडिओवर कोणाला कळणार? बरं, उद्या एकपर्यंत दुसरं पाठवा. त्यानंतर मी काही करू शकत नाही."

फोन ठेवला आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, तो फक्त वायरीवर चालतो. संध्याकाळी लाइट आली नाही. वेझीने मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळली, सुके उसिपा मासे तळले, आणि माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "आज मासे मोजून खातेयस का?"

"पोट ठीक नाही."

तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. लग्नानंतर पाच वर्षांनी ती पहिल्यांदा गुणगुणत भांडी घासत होती, आणि तिच्या पाठीवर ते पोर, उचक्या देत. आता मला ती उचकी भिंतीपलीकडूनही ऐकू येत होती. मला वाटलं सगळ्या गावाला येत असणार.

शनिवारी लाइट आली ती बाराला दहा मिनिटं कमी असताना. मी धावत मागच्या खोलीत गेले. दोन्ही कम्प्रेसर उतरवले, ओळींमधल्या जागा कात्रीने कापाव्यात तशा एकेक करून कापल्या. घाईत दोनदा शब्दाचं शेपूट कापलं आणि परत जोडलं. वेझी दारात येऊन उभी राहिली.

"काय कापतेयस माझ्या गाण्यातलं?"

मी हेडफोन काढून तिच्या कानांवर ठेवला आणि जुनं गाणं लावलं. तिचा चेहरा बघवला नाही. तिने दोन्ही हात मागे नेऊन येवोला धरलं, जणू कोणी आत्ताच सोडवून नेतंय.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"काल दुपारपासून."

"आणि मी काल रात्री झोपले," ती म्हणाली. "मला जागं ठेवायला हवं होतंस, ताई."

एकला पाच मिनिटं असताना मी नवं गाणं पाठवलं. फोनवर पाठवल्याची खूण आली. न्यासुलूंना फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. सहा वेळा केला.

दोन वाजता आम्ही रेडिओ जमिनीवर मधे ठेवला. कार्यक्रम सुरू झाला, आधी करोंगाचा कोणीतरी मुलगा गायला, मग न्यासुलू म्हणाले की आता म्झुझूची एक बाई. पहिलं कडवं झालं. वेझी रेडिओत थांबली.

उचकी आली.

छोट्या रेडिओवर ती इतकी बारीक होती की माहीत नसणाऱ्याला कळणारही नाही, असं मी वेझीला म्हणाले. तीन वेळा म्हणाले. ती प्रत्येक ओळीनंतर डोळे मिटत होती. न्यासुलूंनी जुनंच लावलं होतं. नवं त्यांनी उघडलंही नसणार.

गाणं संपून दहा मिनिटं झाली नसतील, वेझीचा फोन वाजला. नंबर बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. "एस्नात," ती म्हणाली.

एस्नात मातेयोची मोठी बहीण. येवोची आत्या. आमच्याकडे पोर आणायला पहिली जाते ती आत्याच, बापाआधी. मी म्हणाले, उचलू नको. फोन वाजून बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला. वेझीने उचलला, आवाज मोठा केला आणि फोन माझ्या पुढ्यात धरला.

"वेझी," एस्नात म्हणाली. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता, ती घराबाहेर होती. "गाणं छान आहे."

वेझीने मोकळा हात मागे नेऊन येवोच्या अंगावर ठेवला.

"पोराला कफ झालाय. छातीला कोमट तेल लाव, आणि पालथं निजवू नकोस."

मी हात लांब करून रेडिओ बंद केला.

"बोलू नकोस. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस." एस्नात पुढे म्हणाली, "इथे सगळे ऐकत बसले होते, मातेयोसुद्धा. पहिली उचकी आणि ती घरघर आली तशी मी उठून रेडिओ बंद केला. म्हटलं बॅटरी गेली. मातेयो चिडला, आई चिडली, मला काय नावं ठेवली ते जाऊ दे. पण रेडिओवाले मंगळवारी पुन्हा लावतात. तोवर बदला ते."

"का?" हे मी विचारलं. न राहवून.

"कोण, ताई का? ऐका ताई." एस्नातचा आवाज खाली आला. "माझे दोन मुलगे तिकडे चितिपा गावी आहेत. त्यांच्या आत्याने नेले, मी नवऱ्याला सोडलं तेव्हा. धाकट्याला अजून पाजत होते मी. नऊ वर्षं झाली. बाजारात, चर्चमध्ये, कुठे पोराने हुंकार दिला तरी माझी मान वळते. मला रेडिओत ऐकू येणार नाही?"

मागे कोंबड्या भांडत होत्या.

"आता फोन त्याच्याजवळ धर," ती म्हणाली. "तू काही सांगू नकोस. फक्त धर."

वेझीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. तिकडून कोणी ऐकत असेल, शेजारी मातेयोच उभा असेल, हे सगळं माझ्या मनात एकदम आलं. वेझीने चितेंजाची गाठ सोडली, येवोला मांडीवर घेतलं आणि फोन त्याच्या तोंडाशी धरला.

तो झोपेत होता. घरघर श्वास, एक उचकी, मग ते चोखणं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.

मी उठून न्यासुलूंच्या ऑफिसात गेले, त्यांच्यासमोर जुनं गाणं पुसायला लावलं आणि नवं वाजवून घेतलं. ते म्हणाले, आधीचं जास्त गोड होतं, यात जीव कमी वाटतो. मी म्हणाले, असू दे.

घरी आल्यावर वेझी येवोच्या छातीला तेल लावत होती, कोमट करून. एस्नातवर विश्वास ठेवायचा का, हे आम्ही एकमेकींना विचारलं नाही. जेवणं झाली, दिवा मालवायच्या आधी मी आणि वेझीने मिळून शिवणयंत्र ओढत नेलं आणि दाराला आतून लावून ठेवलं.