अधांतरी पाय

"या बेलचा सेल दोन वर्षं टिकेल. तुमचं ते स्टूल आता माळ्यावर टाकून द्या," ताईनं वृद्धाश्रमाच्या मेट्रनला ठणकावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सेल मेला.

स्टूलचं मेट्रनच्या मनात पक्कं बसलं होतं. बेलचा डबा पलंगाच्या वर भिंतीवर, म्हाताऱ्यांचा हात पोचू नये एवढा उंच, आणि त्यातून बटण खाली लोंबतं. जुन्या बेलचा सेल बदलताना एक नर्स स्टूलवरून पडली आणि तिचा उजवा घोटा प्लास्टरमध्ये गेला. म्हणून मेट्रनची एकच अट होती: सेल टिकला पाहिजे. टिकला तर साठ खोल्यांचं काम ताईला आणि तिच्या धाकट्या भावाला. नाही टिकला तर ताईनं पुन्हा मिक्सर दुरुस्त करत बसायचं, जे तिनं नऊ वर्षं केलं होतं आणि दहावं करायचं नव्हतं.

धाकट्याची खात्री एवढी होती, की पहिलं ड्रॉइंग हातात पडताच त्यानं साठ दिव्यांचं पॅनलसुद्धा सोल्डर करून ठेवलं होतं. पाया व्हायच्या आधी कळस, पण कळस चकचकीत होता.

मेट्रननं आणखी एक आठवडा दिला. ताईनं डबा घरी आणून टेबलावर उघडला आणि मीटर लावला. बेल वाजत नव्हती, कुणी काही दाबत नव्हतं, तरी करंट वाहत होता. धाकटा चहा घेऊन शेजारी वाकला आणि काटा वर गेला. तो मागे सरला, काटा खाली आला.

"माझ्या बायकोचंही असंच आहे," तो म्हणाला. "मी जवळ गेलो की पारा चढतो."

ताईनं त्याला तीनदा पुढे-मागे करायला लावलं. चौथ्यांदा त्यानं चहा सांडला, पण तोवर तिला कळलं होतं. चिपमध्ये हो-नाही ठरवणारी सहा दारं, म्हणजे गेट, बेलला दोनच लागत होती. उरलेल्या चार दारांचे पाय, म्हणजे चिपबाहेर आलेल्या पिना, तिनं कशालाच जोडले नव्हते. ज्याला काम नाही तो खाणार काय, असा तिचा हिशेब. पण रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. त्या पायांना हो म्हणायचं की नाही, हेच कुणी सांगितलं नव्हतं. हवेतून येईल ते ऐकत ती चार दारं तळ्यात-मळ्यात करत अर्धवट उघडी राहिली होती आणि त्यातून सेल गळत होता. घरातली काटकसरी म्हणून मिरवणाऱ्या ताईनं काटकसरीनंच सेल मारला होता.

तिनं चारही पाय तारेनं सेलच्या ऋण टोकाला बांधून टाकले. काटा जवळजवळ शून्यावर बसला.

बटणाचा पाय मात्र असा बांधता येत नाही, नाहीतर दाबलेलं कळणार कसं? तिथं तिनं नेहमीसारखा एक रेझिस्टर लावला. बटण सोडलेलं असताना तो पायाला 'नाही' वर धरून ठेवतो आणि दाबलं की थोडा करंट खातो. कितीसं दाबणार माणूस, दोन सेकंद?

चाचणीची बेल नऊ नंबरच्या खोलीत होती आणि तिथं निवृत्त हेडमास्तर राहायचे. छत्तीस वर्षं शाळेची घंटा त्यांच्या हुकमानं वाजली होती. ते बटण दाबायचे ते माणूस समोर येऊन उभं राहीपर्यंत. माणूस आल्यावरही अंगठा काढायचे नाहीत, कारण अजून बोलणं संपलेलं नसायचं. ताईनं त्यांना दोन सेकंद पुरतात असं नम्रपणे सांगून पाहिलं.

"बाळ, बटण तू केलंस, अंगठा माझा आहे," हेडमास्तर म्हणाले.

पाचव्या दिवशी सेल मेला.

धाकट्याचं मत पडलं की हेडमास्तरांची खोली बदलून घ्यावी, समोर एक आजी आहेत, त्या कुणालाच बोलावत नाहीत. ताईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अंगठ्याला पुरून उरेल असं काहीतरी शोधायला बसली. दोन दिवस ती मीटरशेजारीच जेवली. मग तिनं रेझिस्टर उपटला आणि बटणच बदललं. दाबलं की पाय सेलच्या एका टोकाला, सोडलं की दुसऱ्या. मधल्या क्षणी पाय अधांतरी राहतो, तेवढ्यापुरता चिपच्या पायाशी एक बारका राखणदार ठेवला. शेवटचं जे ऐकलं तेच धरून बसायचं, एवढंच त्याचं काम. हट्टी, पण खायला जवळजवळ काही नाही.

मेट्रनकडे तिनं शेवटचा एक आठवडा मागितला आणि त्यांच्यादेखत डब्यात मुद्दाम मनगटी घड्याळाचा चिमुकला सेल घातला.

"हा आठ दिवस टिकला तर मोठा दोन वर्षं टिकेल. नाही टिकला तर मी परत येणार नाही."

आठ दिवस हेडमास्तर अंगठ्यासकट जगले. दुपारी तर बटण उशीखाली दाबून झोपले आणि दीड तास नर्सच्या टेबलावरचा नऊ नंबरचा दिवा आश्रमाच्या विजेवर जळत राहिला. आठव्या दिवशी मेट्रननं स्वतः स्टूलवर चढून मीटर पाहिला. सेल जवळजवळ भरलेला होता.

कराराचे कागद टेबलावर आले. धाकट्याला राहवलं नाही, त्यानं गाडीतून साठ दिव्यांचं पॅनल आणून नर्सच्या टेबलामागे टांगलं आणि नऊ नंबरची वायर त्यात खोचली. उरलेले एकोणसाठ पाय पहिल्या ड्रॉइंगप्रमाणे होते, म्हणजे हवेत. ताई नको म्हणायला वळली. तेवढ्यात मेट्रननं पेन उघडलं, आणि उकडतंय म्हणून सहीआधी नायलॉनचा स्वेटर चटचट ठिणग्या उडवत डोक्यावरून काढला.

एकोणसाठ दिवे लागले. नऊ नंबरचा लागला नाही.

चार नर्स धावल्या. सतरा नंबर रिकामा होता, तिथंही एक गेली. मेट्रननं पेनाला टोपण लावलं.

"सोमवारपर्यंत," ताई म्हणाली. पॅनलचं झाकण तिनं आधीच काढलं होतं.

"सोमवारपर्यंत," मेट्रन म्हणाल्या.

प्लास्टर कालच काढलेली नर्स जिन्यात घसरली. या वेळी डावा घोटा.