शेवटच्या बाकापर्यंत

मी एक जुना पेला आहे, मित्रांनो. चर्चच्या कपाटात, मेणबत्त्यांच्या खोक्यामागे माझा मुक्काम असतो. एका तांबटाने मला तांब्याच्या पत्र्यातून ठोकून घडवलं आणि आतून चांदीचा मुलामा दिला. त्याची हातोडी खाताना मी मनातल्या मनात त्याला काय काय बोललो असेन! पुढे वेदीवर जागा मिळाली आणि मी चांगलाच शिष्ट झालो.

आमच्या मंडळीची एक रीत होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या दिवशी पाळकसाहेब मला द्राक्षारसाने भरून पहिल्या बाकावर देत. तिथून मी हातोहाती शेवटच्या बाकापर्यंत जाई. जो प्यायला, त्यानेच मला शेजाऱ्याच्या हातात द्यायचं. कुणाला वगळायचं नाही. सोपं वाटतं ना? एका रविवारी हेच इतकं अवघड झालं, की मला अजून आठवलं तरी धडकी भरते.

त्या दिवशी शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात एक बसचालक अंग चोरून बसला होता. बसचे ब्रेक गेलेत असं मेकॅनिकने त्याला बजावलं होतं. "बघू की," म्हणत त्याने दिवस ढकलले, आणि उतारावर बस थेट आमच्याच मंडळीतल्या बेकरीवाल्याच्या अंगावर गेली. बिचारा जागच्या जागी गेला. चालकाला तुरुंग झाला. शिक्षा भोगून तो नुकताच सुटला होता, आणि कुणाच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून मागे बसला होता.

त्याला काय माहीत, की बेकरी आता बेकरीवाल्याची बायको चालवते! प्रभुभोजनाची भाकर तीच भाजते, भट्टी आवरून उशिरा येते आणि नेमकी त्याच बाकावर बसते. तशी ती आली आणि शेजारी न बघताच टेकली.

पाळकसाहेब बायबलमधल्या पहिल्या खुन्याविषयी बोलत होते. "भावाचं रक्त सांडणाऱ्याला देवाने सोडलं नाही. त्याला घरादारातून हाकललं. पण याला कुणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही देवानेच केली. शिक्षा त्याचीच आणि राखणही त्याचीच."

मग मी निघालो. बाकामागून बाक मागे पडले. ती प्यायली, शेजाऱ्याकडे वळली, आणि तिने त्याला ओळखलं.

तिची बोटं माझ्याभोवती आवळली. देवा रे! वाटलं, आता ही मला त्याच्या डोक्यात घालणार.

"मला नको, वहिनी," तो कसाबसा म्हणाला. "मी जातो बाहेर."

"गुपचूप बस." तिचा आवाज चिरकला. "मी तुला माफ केलेलं नाही, समजलं? पोरं अजून रात्री बापाला हाका मारत उठतात. तुझी शिक्षा संपली, आमची कुठे संपली?"

सगळं चर्च मागे वळून बघू लागलं. पाळकसाहेब पुढे यायला निघाले आणि मध्येच थांबले.

"पण हा पेला माझ्या घरचा नाही," ती म्हणाली. "याच्यावर कुणाचा हक्क आहे, ते मी ठरवायचं नाही. घे."

त्याने हात पुढे केले. ते इतके थरथरत होते, की मी निसटलो. खाडकन फरशीवर आदळलो, माझी कड चेपली आणि उरलासुरला द्राक्षारस त्याच्या पायांशी सांडला.

कुणीतरी पुटपुटलं, "बघा, देवानेच नाही म्हटलं!"

तो चेहरा झाकून हुंदके देऊ लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निवाडा माझ्याच पडण्यातून व्हायचा होता का?

तेवढ्यात ती वाकली. तिने मला उचललं, स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि त्या पुटपुटणाऱ्याकडे असं बघितलं, की त्याने मान खाली घातली. मग भरल्या डोळ्यांनी तिने मला उंच धरलं.

"पाळकसाहेब, पुन्हा भरा."

आणि भरलेला पेला तिने स्वतःच्या हाताने त्याच्या ओठांना लावला.

आता मंडळीत प्रत्येकाला वेगळा छोटा ग्लास मिळतो. सोयीचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण मित्रांनो, मला भंगारात काढू नका. अधूनमधून घासून-पुसून भरा, आणि ज्याच्याशी बोलणं टाकलंय, त्याच्या शेजारी बसून मला त्याच्या हातात द्या. हात थरथरतील. थरथरू द्या.