लिंबाच्या जिवावर

सोपानतात्यांनी बांधावरचा कडुलिंब तोडायला माणूस आणला त्या दिवशी कौसल्याबाईनं खरं तर गूळ वाटायला हवा होता. त्या लिंबापायी निरवांगीत तिनं भांडायचं कुणी ठेवलं नव्हतं. लिंब तात्यांच्या हद्दीत आणि सावली तिच्या उसावर. सावलीतला ऊस कमरेच्या वर जात नव्हता. तंटामुक्ती समितीपुढंही गाऱ्हाणं घालून झालं. तात्यांचं उत्तर ठरलेलं, "सावली काय मी पाडतो व्हय? सूर्याला सांगा." वर दरसाल नांगरट करताना त्यांचा ट्रॅक्टर मधल्या बांधाचा वीतभर लचका तोडायचा, ते निराळंच.

शेवटी तात्यांची सून राजलक्ष्मी या रोजच्या कटकटीला विटली. तिनंच सासऱ्याच्या मागं लागून लिंब तोडायचं कबूल करून घेतलं.

पण आदल्याच रविवारी कौसल्याबाईची भाची तेजश्री जळोचीहून आली होती. पोरगी वनस्पतिशास्त्र शिकलेली. लिंबाच्या अलीकडं, कौसल्याबाईच्या हद्दीत, एक झाड आपोआप उगवलं होतं. बी बहुतेक साळुंकीनं टाकलेलं. कालव्याचं पाणी लांबलं त्या उन्हाळ्यात कौसल्याबाईनं उसाच्या आधी त्याला कळशी ओतली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तेजश्रीनं समोरासमोरची पानं पाहिली, उमलताना पिवळट आणि मग तांबडी होत जाणारी फुलं पाहिली, वाटाण्याएवढं काळं फळ चिरडलं आणि हे चंदन आहे म्हणाली. कौसल्याबाईनं साल खरवडून हुंगली. वास काही येईना. वास आतल्या गाभ्यात असतो, तोही झाड जुनं झाल्यावर, असं तेजश्रीनं सांगितलं. तेवढं जुनं होऊ देतंय कोण, चोर आधीच नेतात, म्हणून तर रानातनं ही जात संपत चाललीय.

मग तिनं खुरप्यानं माती हलक्या हातानं उकरली. चंदनाचं मूळ लिंबाच्या मुळाला घुंगराएवढ्या गाठीनं चिकटलं होतं.

"मावशी, पाल्यात हे आपलं आपण अन्न करतं. पण पाणी आन क्षार शेजाऱ्याच्या मुळातनं वढतं. लिंब गेला तर हे वाळत जाईल."

"म्हंजी तात्याचं खातंय?"

"व्हय."

कौसल्याबाईला ते फार आवडलं होतं. सोमवारपर्यंत.

सोमवारी तो माणूस करवतीच्या यंत्राची दोरी ओढणार, तोच ती मध्ये जाऊन उभी राहिली.

"राहू द्या तुमचा लिंब."

"आन सावली?" तात्यांनी विचारलं.

"पडू द्या."

राजलक्ष्मीनं चहाचा पेला तसाच खाली ठेवला. तात्यांना यात काहीतरी डाव दिसायला लागला. कौसल्याबाईनं आधी उन्हाचं कारण सांगितलं, मग पाखरांचं. तिला पाखरांची कधी दया आलेली गावानं पाहिली नव्हती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. अखेर तिनंच खुरपं घेतलं, खाली बसली आणि ती गाठ दाखवली.

तात्यांनी बराच वेळ बोटानं चाचपून पाहिलं.

"म्हंजी माझ्या लिंबाच्या जिवावर तुमचं चंदन माजलं, वैनी."

"व्हय."

"हे समितीपुढं सांगाल?"

कौसल्याबाईनं लिंबाकडं पाहिलं, चंदनाकडं पाहिलं.

"सांगते."

तिनं सांगितलं. समिती हसली. तिनं पदर सारखा केला आणि गाऱ्हाणं माघारी घेतलं.

त्यानंतर तात्या भेटेल त्याला बांधावर नेऊन आपला लिंब दाखवायला लागले. निरवांगीत चंदन जगवणारा लिंब फक्त आपला, असं ते सांगायचे. चंदन कुणाचं, ते सांगायचं बहुधा राहून जायचं.

नांगरटीचे दिवस आले. तात्यांचा ट्रॅक्टर बांधाकडं आला आणि हातभर अलीकडंच वळला. मग दरवेळी तिथंच वळला. पलीकडं कौसल्याबाई उसाला खत टाकत होती.

"मुळ्या माझ्या लिंबाच्या हायेत," तात्या सीटवरनं म्हणाले. "तुटल्या तर नुकसान माझं."

"तुमचंच की," कौसल्याबाई म्हणाली आणि मान खाली घालून पुढच्या सरीला लागली.