शिंपीकाकांची साखर

आमच्या भागात साधे बटणांचे फोन. त्यांवर रोज सकाळी सातला कॉम्प्युटर मधुमेहाच्या पेशंटना फोन करतो. माणसासारखं बोलून साखर विचारतो, पायाला जखम आहे का विचारतो आणि ज्यांचं बिनसतंय त्यांची यादी मला, म्हणजे नर्सला, पाठवतो.

परवा यादीत पहिलंच नाव शिंपीकाकांचं होतं. साखर तीनशे दहा, आठवडाभर चढती. काकांना जाऊन दोन महिने झाले होते, त्यांचे डोळे मीच मिटवले होते. कॉम्प्युटरमधून नाव काढायचं तेवढं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सातच्या आत त्यांच्या घरी पोचले. फोन वाजला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, झोप लागली का?"

"लागली," काकू आवाज जाड करून म्हणाल्या. मग स्वतःचं बोट टोचून पट्टीवर थेंब घेतला आणि मशीनवरचा आकडा वाचला. "तीनशे बावीस."

"पायाला जखम?"

"नाही."

फोन बंद झाल्यावर मी चिडले. "काकू, काय चालवलंय हे?"

"यांना काका म्हणून हाक मारणारं आता तेवढंच उरलंय गं."

"आणि रक्त तुमचं?"

"त्यांचं कुठून आणू?"

मी खाली पाहिलं. काकूंच्या पायाचा अंगठा काळा पडला होता.

"अहो, मग जखम नाही असं का सांगितलंत?"

"त्यांच्या पायाला कुठे होती?" काकू म्हणाल्या.